कुंकवाच्या मापाचे बूट

चंडीगढच्या सेक्टर सतरातल्या त्या चकचकीत दुकानात बायको स्टुलावर बसली होती, मी तिच्यासमोर गुडघे टेकून बसलो होतो आणि आमच्या मध्ये गुडघ्याएवढा उंच, काळा, फार देखणा असा एक बूट होता. बायकोचं पाऊल त्यात निम्मं गेलं होतं आणि तिथेच अडलं होतं. पुढे जाईना, मागे येईना.

"मैडम, ज़ोर लगाओ," सेल्समन म्हणाला.

"लावलाय," बायको त्याला मराठीत म्हणाली. ती चिडली की समोरच्याला मराठी येतं असं गृहीत धरते.

त्यानं मोठा नंबर आणला. तो लांबीला एवढा की बोटांच्या पुढे एक लिंबू मावलं असतं. रुंदीला मात्र तसाच. बायकांचे पाय वाढतात ते फक्त लांबीला, अशी बूट करणाऱ्या सगळ्या कंपन्यांची पक्की समजूत असावी. शेवटी सेल्समननं तिच्या पावलाकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून मलाच सांगितलं, "लेडीज़ में इतना ही चौड़ा आता है जी. जेंट्स में देख लो."

जेंट्समध्येही पाहिलं. पाऊल अगदी आरामात गेलं, पण बूट गुडघ्याच्याही वर आला. गुडघा वाकेना. बायको आरशापर्यंत कंपासपेटीतल्या कर्कटकासारखी चालत गेली, तशीच परत आली आणि म्हणाली, "घोड्यावर मला उभीच ठेवणार आहात का?"

घोड्याचं सांगायला हवं. माझी नोकरी केंद्र सरकारची, म्हणजे दर काही वर्षांनी बिऱ्हाड ट्रकमध्ये. प्रत्येक गावी मला एक ऑफिस तयार मिळतं आणि बायकोला एक रिकामं घर. मग ती काही ना काही शिकते. एका गावी मणिपुरी भरतकाम, एका गावी संवादिनी. चंडीगढला आल्यावर मला वाटलं, फार तर फुलकारी शिकेल. तर ही मुल्लांपूरकडच्या एका घोडेस्वारीच्या शाळेत जाऊन नाव घालून आली. वय पन्नाशीला टेकलेलं. बॅचमधली बाकीची मंडळी शाळेतून थेट येणारी, दप्तरं बाकावर टाकून घोड्यावर चढणारी. पहिल्याच आठवड्यात ही पडली. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, आणि त्या संध्याकाळी भाजी चिरताना मला म्हणाली, "वर बसलं ना, की मी कुणाची कोण ते आठवत नाही हो." मी मिरच्या उचलून दिल्या.

दोन वर्षं ती घोट्यापर्यंतचे पुरुषी बूट घालून शिकली. त्यात पाऊल सुखानं बसायचं, पण पोटरी उघडी. रिकिबीचा पट्टा पोटरीला चिमटे काढायचा आणि घरी हळदीचा लेप लागायचा. तिनं कधी तक्रार केली नाही. मग माझ्या बदलीची ऑर्डर आली, भुसावळची. तिथे घोडा भेटला तर तो वरातीतला. त्याच सुमाराला शाळेनं वर्षअखेरची स्पर्धा जाहीर केली, आणि तिचं नाव नवशिक्यांच्या गटात लागलं. आयुष्यातली पहिली स्पर्धा, आणि बहुधा शेवटची. नियम एकच आडवा आला. मैदानात उतरायचं तर पोटरीवर गुडघ्यापर्यंत काळं चामडं हवं.

म्हणून ते दुकान. त्यानंतर आणखी दुकानं. पुढे मी तिला न सांगता डेराबस्सीहून रबरी गमबूट आणले. तिथले कारखान्यातले लोक घालतात ना, ऐसपैस, दोन पावलं एकात मावतील असे. काळे होते, गुडघ्यापर्यंत होते, मला तर प्रश्न सुटल्यासारखाच वाटला. शाळेतल्या उस्तादांनी, म्हणजे घोडदळातून निवृत्त झालेल्या सरदारजींनी, एक गमबूट हातात घेऊन उलटा-सुलटा केला.

"साहब, मैडम से कोई झगड़ा हुआ है?"

"नहीं तो."

"ये रकाब में फँस गया और मैडम गिर गईं, तो घोड़ी उनको लुधियाना तक घसीट के ले जाएगी."

बायको घोडीची मान थोपटत उभी होती. तिनं घोडीलाच सांगितलं, "बघ बाई, माझे यजमान."

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं विषय मिटवला. "पुरे आता. माझी पावलं म्हणजे थापलेल्या भाकऱ्या आहेत. आईची तशीच होती, मावशीची तशीच. अख्ख्या माहेराला चपला सोडून काही झालं नाही. आता आणखी एका अनोळखी माणसासमोर पाय पुढे करून 'इतना चौड़ा' ऐकायचं नाही मला. नाव काढून घेते." आणि ती भांडी लावायला लागली. भांडी नेहमीपेक्षा हळू वाजत होती. आदळआपट मला कळते. हळू आवाजाची मला भीती वाटते.

मग मी ठरवलं, बूट शिवूनच घ्यायचे. मनीमाजऱ्यात असे बूट करणारा एक कारागीर होता. तो फोनवर म्हणाला, माप आणा. माप कुठून आणायचं? बायको पाय दाखवणार नव्हती. जुन्या चपला घेऊन जाव्यात, तर त्या सगळ्या उघड्या, पाऊल चारी बाजूंनी मोकळं सोडणाऱ्या. आणि अशा वेळी मला ट्रंक आठवली.

आमच्या लग्नात आईनं सुनेला कुंकवाच्या पाण्याच्या परातीत पावलं बुडवायला लावून पांढऱ्या कापडावरून घरात घेतलं होतं. ते कापड आईनं घडी करून ठेवलं, आणि ती गेल्यावर ते डांबरगोळ्यांसकट आमच्या ट्रंकेत आलं. प्रत्येक बदलीत ते आमच्याबरोबर हिंडलंय. कापडावर पावलं स्वच्छ उमटलेली, टाच, चवडा, पाचही बोटं. मला स्वतःच्या बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं की मी त्या दिवशी ऑफिसातल्या दोघांना उगाचच चहा पाजला.

कारागिरापुढे मी कापड उलगडलं. त्यानं झटकन हात धुतले, डोक्यावर रुमाल टाकला आणि कापडाला वाकून नमस्कार केला.

"कौन सी माता के चरण हैं जी?"

मी खरं सांगायला हवं होतं. पण असल्या वेळी माझी जीभ माझं ऐकत नाही. "आमारे घर की माता," मी माझ्या हिंदीत म्हणालो.

"और इनके लिए... चमड़े के बूट?" तो दोन पावलं मागे सरकला. त्याचा चेहरा बघून माझी मजा तिथेच संपली. मग मला सगळं सांगावं लागलं. लग्न, परात, आई, हट्टी बायको. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून खांद्यावर टाकला. शेवटी म्हणाला, "तो बहनजी को ही ले आते."

"आ जाती तो ये लाता क्या?"

त्यानं कापडावर पेन्सिल टेकवायला साफ नकार दिला. वर पातळ कागद ठेवून त्यावरून पावलं उतरवली. मग विचारलं, "पिंडली का नाप?" म्हणजे पोटरीचं. ते काही आईनं घेऊन ठेवलं नव्हतं. मी विचार केला, आम्ही दोघं एकाच उंचीचे, एकाच डब्यातलं खाणारे. मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाय पुढे केला. "इसका ले लो."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता माता कोण हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण माप घेतलं.

बूट आले ते स्पर्धेच्या आदल्या दुपारी. तोवर बायकोनं नाव काढलेलं नव्हतं. 'उद्या सांगते' म्हणत ती चालढकल करत होती, आणि ते माझ्या लक्षात आलं होतं. मी खोका तिच्यापुढे ठेवला. तिनं झाकण उघडलं, चामड्यावरून हात फिरवला आणि सोफ्यावर बसली. सेक्टर चौतीसच्या क्लासहून नुकतीच आलेली आमची मुलगी दारातच थांबली. "पापा, साइज़ पूछ तो लिया था ना?" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तरं हिंदीतून येतात.

"आपल्याकडे माप होतंच," मी म्हणालो.

उजवा बूट जाईना. पावडर टाकली. मुलीनं मोबाइलवर वाचून पावलावर प्लास्टिकची पिशवी चढवायला सांगितलं. ती चढवली, मी खालून बूट दाबला, बायकोनं सोफ्याचे हात धरले, आणि फस्स आवाज होऊन पाऊल आत गेलं. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. ती उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती लगेच खाली बसली.

"काढा."

आम्ही ओढलं. मी टाच धरून, मुलगी माझी कंबर धरून. बूट हलला नाही, सोफा मात्र दारापर्यंत आला.

"माप कुठून घेतलंत?" तिनं दात आवळून विचारलं.

मी कापड आणून जमिनीवर अंथरलं. मग तिनं डावं, मोकळं पाऊल उचललं आणि त्या लाल पावलावर ठेवलं. पाऊल चारी बाजूंनी बाहेर आलं. करंगळी तर पूर्ण पांढऱ्या कापडावर.

"ही कोण हो?" ती म्हणाली.

"तूच."

"ही आईंच्या उंबऱ्यावर होती तेव्हाची. त्यानंतर मी चाललेय की नाही? किती गावं झाली, दोन बाळंतपणं झाली." आवाज चढला नव्हता. मला वाटलं आता रडेल. मी पाण्याचा ग्लास शोधायला लागलो. कुठल्याही संकटात माझ्याकडे तेवढा एकच उपाय असतो. परत आलो तर ती हसत होती, पण डोळे भरलेले. "आणि माप काय दिलंस, लग्नातलं! मंगलाष्टकं नाही म्हणायला लावलीस बुटांना?" अहो-जाहो विसरून ती मला एकेरीवर येते तेव्हा परिस्थिती गंभीर तरी असते किंवा निवळलेली तरी. नक्की कुठली, ते मला आजवर ओळखता आलेलं नाही.

"कापा," ती म्हणाली. "घोट्याच्या वर, गोल."

मी पेपर कटर आणला. माझा हात बघून तिनं मुलीला स्वयंपाकघरात पिटाळलं, आणि मुलीनं आणलेलं उलथनं चामडं आणि पाय यांच्यामध्ये सरकवलं. मी उलथन्यावरून कापत गेलो, मुलगी ते पुढे पुढे सरकवत गेली. "पापा, आराम से, आराम से." बायको छताकडे बघत होती. "पाय माझा आहे एवढं लक्षात ठेवा."

बुटाचा खालचा भाग सुटला. मग तोही वरून चिरला, तेव्हा पाऊल बाहेर आलं, लालबुंद. पण पोटरीवर चामड्याची जी नळी उरली होती, तिच्याकडे ती बघत राहिली. नळी चपखल बसली होती. कुठे सुरकुती नाही, कुठे फट नाही. माझ्या आयुष्यात माझ्या पोटरीचं याआधी कुणाला काही वाटलेलं नव्हतं.

ती एका पायावर लंगडत गेली आणि तिचे घोट्यापर्यंतचे जुने बूट घेऊन आली. उजवा घातला, नळी त्याच्यावर ओढून खाली बसवली आणि आरशासमोर उभी राहिली. गुडघ्यापर्यंत सलग काळं चामडं.

"दुसराही कापा."

नळी वर सरकू नये म्हणून तळव्याखालून पट्टा हवा होता. घरात तेवढी मजबूत एकच वस्तू होती, परकराची नाडी. मी दाभणानं चामड्याला भोकं पाडली आणि तिनं नाडी ओवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या फाटकाशी परीक्षक उभे होते, फौजेतले जुने अधिकारी. त्यांनी बायकोच्या पायांकडे वाकून पाहिलं. रात्रभर मी त्यांच्यासाठी एक भाषण तयार केलं होतं.

"हाफ चैप्स," ते म्हणाले. "ठीक है, अलाउड. नेक्स्ट."

"ये नली... ऐसे अलग से मिलती है?" मी विचारलं.

"हर सैडलरी में, जहाँ जीन-लगाम मिलता है. किसी भी चौड़ाई में."

मी उस्तादांकडे वळलो. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "मैंने सोचा, साहब को लंबे बूट का ही शौक है."

शाळकरी मुलं एकेक करून फेरी मारून गेली. मग बायको आत गेली. मी कठड्याला धरून उभा. तिथून मला काहीच करता येत नव्हतं. ना धरता येत होतं, ना ढकलता, ना पाणी देता. साधी चाल झाली. दुडकी झाली. मग घोडी धावायला लागली, आणि पहिल्याच वळणावर मला दिसलं की उजव्या बुटाखालून काहीतरी पांढरं लोंबतंय. लोंबतंय आणि वाऱ्यावर फडफडतंय.

उस्तादांनीही पाहिलं. फौजेत कमावलेला आवाज त्यांनी पूर्ण सोडला. "मैडम! नाड़ा खुल गया! नाड़ा!"

खुर्च्यांवरच्या सगळ्या आया उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मी डोळे मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा ती पलीकडच्या कडेला होती. पाठ ताठ, टाचा खाली, नजर घोडीच्या कानांमधून समोर. तिनं खाली एकदाही पाहिलं नाही. नाडी फडफडत राहिली आणि ती फेरी पूर्ण करून आली.

घोडी कठड्याशी थांबली. बायकोच्या कपाळावर घाम होता.

"एवढं काय ओरडत होते सगळे?"

"नाडी सुटली होती."

तिचा हात चटकन कमरेकडे गेला. "कुठली?"

"बुटाची."

"हात्तिच्या."

"पाय दुखतायत का?" मी विचारलं.

तिनं रिकिबीतल्या पावलाकडे असं पाहिलं, जसं काही कुणी ठेवायला दिलेली वस्तू आता आठवली. "पाय? लक्षातच नव्हते हो." मग मान पलीकडे करून म्हणाली, "अजून एक फेरी आहे. बांधा लवकर."

मी मातीत गुडघे टेकले. नाडीला घोड्याचं काय काय लागलेलं होतं. "निरगाठ मारू की सुरगाठ?"

"सुरगाठ मारा," ती वरून म्हणाली. "घरी गेल्यावर पुन्हा उलथनं नको."