ईराने भाषांतर केलं, तेव्हा तिला कळलं

मंडळी, मंदीमुळे कंपनीने आमची अख्खी टीम काढली, हे तुम्हाला माहीत आहे. घरी आमच्या बारा वर्षांच्या ईराला मात्र सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी बाबाचं वर्क फ्रॉम होम चालू होतं.

आज रोजगार कार्यालयात बेकारी भत्त्याची मुदत वाढवून मागायला गेलो. माझं जपानी इथल्या कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, सामान घेण्यापुरतंच, म्हणून ईराला सोबत नेलं. ‘ऑफिसचं काम आहे’ एवढंच सांगितलं होतं.

काउंटरवरच्या बाईंनी काहीतरी विचारलं. ईराने वळून माझ्याकडे पाहिलं.

“बाबा, त्या विचारतायत, नोकरी तू सोडलीस की कंपनीने काढलं?”

“कंपनीने काढलं.”

तिने ते जपानीत सांगितलं. पुढचे सगळे प्रश्नही तितक्याच शांतपणे विचारून घेतले. मुदत वाढली.

बाहेर आल्यावर म्हणाली, “म्हणजे तू कॉलवर नसायचासच? मी उगाच हेडफोन लावून कीबोर्ड वाजवत होते!”

“सॉरी गं.”

“आता नाही लावणार.”

हे लिहितोय तेव्हा शेजारच्या खोलीत ती जोरात वाजवतेय. चुकतेय, पुन्हा वाजवतेय. खूप हलकं वाटतंय.

तुम्ही मुलांना अशी गोष्ट कशी सांगितलीत?