कल्ले उघडून पाहिलेला ट्राउट

बाडहूव्हडॉर्प गावाजवळच्या तळ्यात सोडलेले ट्राउट मासे गळाने पकडता येतात, पण घरी एकच न्यायचा, असा तिथला नियम. मी शून्यातून उभा केलेला धंदा सोडून गेलेली मुलगी त्या संध्याकाळी, त्यानंतर प्रथमच, जेवायला येणार होती. ते सोडून जाणं मला अजून खुपतं, तरी मासा मोठाच हवा होता. पहिला लहान निघाला. परत सोडण्याआधी बाजारातल्या सवयीने मी त्याचे कल्ले उघडले.

"अहो, जिवंत आहे तो! ताजा आहे का ते काय बघताय?" बायको ओरडली.

रक्त आलं. तळ्याचा राखणदार म्हणाला, "आता हा जगणार नाही. हाच न्या."

एरवी मी तासभर हुज्जत घातली असती. आता त्राण नव्हतं. मुलीला फोन केला, "मासा लहान आहे. तुलाच वाढतो, आम्ही वरणभात खाऊ."

"बाबा, न भांडता वाढा म्हणजे झालं."