वाटसरूचा दगड

आफ्रिकेतल्या ग्रेट झिम्बाब्वेचे अवशेष पाहायला निघालो तेव्हा आईच्या पिशवीत मुरमुऱ्याचे लाडू होते आणि डोक्यात एकच गोष्ट होती, धाकटीला घरी न्यायचं. धाकटी म्हणजे माझी बहीण. त्या जुन्या राजधानीजवळच्या गावात ती दवाखान्यात नर्स आहे. नोकरीचा करार वाढवायचा की नाही, हे तिला त्याच आठवड्यात सांगायचं होतं. तिच्या मनात राहायचं होतं, पण आईचं मन मोडून ती काही करणार नव्हती. आणि आईने गोंदियाच्या स्टेशनवरच मला बजावलं होतं, "मी फिराले नाही चालली. पोरीले आनाले चालली."

मी पडलो मास्तर. दरवर्षी आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडावर सहली नेऊन मला जुनी भिंत दिसली की भाषण द्यायची खोड लागलेली.

"बघ आई, किती शतकं झाली! चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड."

"दिसून राहिलं मले. तू चूप राय."

भिंतीवर तळहात फिरवत ती पुढे गेली. आतला गोल, निमुळता बुरूज पाहून मात्र थांबली. "हे त धानाची ढोली वो!" धाकटीने ते तिथल्या राखणदाराला सांगितलं. तो म्हणाला, आमच्यातही बरेच जण याला धान्याच्या कणगीची खूण मानतात. आई चार दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि मास्तर मी असून शाबासकी तिला मिळाली.

बाहेर पडताना आईने खालचा एक दगड उचलला, पडक्या भिंतीवर ठेवला आणि हात जोडले. आमच्या जंगलपट्ट्यात गावाच्या शिवेवर दगडांचा ढीग असतो. वाटसरूने त्यावर एक दगड ठेवून पुढे जायचं, म्हणजे वाट त्याला सांभाळते. गावातला माणूस ठेवत नाही. त्याला कुठे पुढे जायचं असतं?

राखणदार ओरडत धावत आला. इथला खडासुद्धा हलवायचा नाही! "आई, हे का आपलं जंगल हाये?" मी खेकसलोच. आजही त्याची लाज वाटते.

धाकटीने त्याला आमची रीत समजावून सांगितली. त्याने ऐकून घेतलं, दगड होता तिथे ठेवला आणि खो खो हसत सुटला. त्याच्या आजोळीही हीच रीत होती म्हणे! तसाच एक ढीग जवळच्या वळणावर आहे, असं सांगून तो आम्हाला तिथवर सोडायलाही आला.

आईने दगड ठेवला. मी ठेवला. धाकटी वाकून दगड उचलायला लागली, तर आईने तिचा हात धरला.

"तू कायले ठेवतं वो? तू त इथलीच."

धाकटी तिच्या गळ्यात पडून रडली. मीही रडलो, मास्तर असून. आईने उरलेले लाडू पिशवीसकट तिच्या हातात दिले आणि म्हणाली, "दवाखान्यात वाटजो."