रेडिओचा शास्त्रपाठ

माझी भावजय कवळ्या बनवते. दातांचा डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतो आणि ही त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतून, मेणात एकेक दात रचून कवळी तयार करते. पूर्वी ती एका लॅबमध्ये नोकरीला होती. मुलांना शाळेत घालायचं नाही, घरीच शिकवायचं असं ठरलं तेव्हा तिने काम घरी आणलं. आता स्वयंपाकघरामागच्या बंद गॅलरीत तिचे जबडे सुकत असतात आणि दाराच्या अलीकडे जेवणाच्या टेबलावर शाळा भरते. मधलं दार कधी लावलेलं मी पाहिलं नाही. माझा थोरला भाचा बेरीज शिकला तो दाढा मोजून. त्या घरात चहा प्यायचा तर आधी कपात दात नाहीत ना, हे बघून घ्यावं लागतं.

मी स्वतः शाळेत पहिलीच्या वर्गावर आहे. उभा जन्म त्या वर्गात गेला. तेव्हा घरच्या शाळेबद्दल माझं मत काय असणार, हे वेगळं सांगायला नको. भावजयीचं म्हणणं असं की देवाने मुलं आमच्या पदरात घातली, त्यांना शिकवायचं आम्हीच, आणि दिवसाची सुरुवात प्रार्थनेने झाली पाहिजे.

मी म्हटलं, "अगं, मीसुद्धा प्रार्थना करूनच वर्गात जाते. नाहीतर त्या वर्गात पाऊल टाकायची कोणाची छाती आहे?"

ती हसली, पण जागची हलली नाही. माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. आम्हा दोघींच्या मध्ये तो दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसासारखा उभा होता. शेवटी तिनेच आपणहून शब्द दिला. "ताई, आठवं वर्ष सरेपर्यंत कुठल्याही मुलाला नीट वाचता आलं नाही, तर मी हट्ट सोडीन. तुमच्या वर्गात आणून बसवीन." हे तिने भावाच्या देखत सांगितलं. मी ते ध्यानात ठेवलं.

थोरल्याने तिला तोंडघशी पाडलं नाही. तो वेळेआधीच वाचायला लागला आणि मग औषधाच्या बाटल्यांवरचंही वाचून सगळ्यांना भंडावून सोडू लागला. त्याच्या पाठची धाकटी. तिला आम्ही घरात रेडिओ म्हणतो. जे कानावर पडेल ते जसंच्या तसं, त्याच आवाजात परत म्हणून दाखवायचं, ही तिची लहानपणापासूनची कला. शेजारच्या काकांच्या खोकल्याची ती इतकी हुबेहूब नक्कल करायची की काकू दारातून पाणी घेऊन यायच्या.

संध्याकाळी त्या घरात सगळे प्रार्थनेला बसतात. आधी आई शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, उतारा वाचते, मग तोच उतारा थोरला वाचतो, मग धाकटी. घरच्या शाळेतही हीच पद्धत. एक टेबल, एक पान, सगळ्यांनी पाळीपाळीने वाचायचं. भावजयीच्या मते कुटुंब एकाच ताटातलं जेवतं तसं शिकलंही पाहिजे. रेडिओने पहिल्यांदा सबंध स्तोत्र न अडखळता वाचलं तेव्हा माझा भाऊ ढसाढसा रडला. मी तिथे होते. मीही खोकल्याच्या आडून डोळे पुसून वेळ मारून नेली.

यंदा शाळेचं नवं वर्ष सुरू होण्याआधीच्या रविवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सगळ्या मुलांसाठी प्रार्थना ठेवली आणि शास्त्रपाठ वाचायला रेडिओला बोलावलं. तिचं आठवं वर्ष संपायला थोडाच अवधी होता. भावजयीने तिला नवा फ्रॉक शिवला. त्याच आठवड्यात मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शास्त्राच्या नव्या भाषांतराच्या प्रती आल्या होत्या. जुनी भाषा मुलांना जड जाते म्हणून पाळकसाहेबांनी त्या मागवल्या होत्या, आणि दारातच एकेकाच्या हातात ते देत होते. भावजयीने धाकटीच्या हातातलं, घरी सराव केलेलं जुनं शास्त्र काढून घेतलं, नव्यात पान उघडून दिलं आणि म्हणाली, "सावकाश वाच हं."

रेडिओ पुढे गेली. पुस्तक दोन्ही हातांनी धरलं, एक बोट ओळीवर ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली.

आम्ही सगळे आपापल्या प्रतीत बोट ठेवून बसलो होतो. पहिल्याच ओळीला बोटं थांबली. छापलेलं होतं साधं, आटोपशीर वाक्य. ती म्हणत होती ते जुनं, लांबलचक, आम्ही सगळे ज्यावर वाढलो ते. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायकांना तर भरून आलं. त्यांना वाटलं, पोरीने मुद्दाम जुनं आणलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. रेडिओचं बोट ओळींवरून छान सरकत होतं. जुन्या प्रतीत पान जिथे संपायचं तिथे तिने ते उलटलंसुद्धा, पण इथे उलटायची गरज नव्हती. नव्या प्रतीत तो उतारा त्याच पानावर संपत होता.

मी भावजयीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

घरी आल्यावर तिने फ्रॉकही बदलू दिला नाही. थोरल्याच्या पुस्तकातलं न शिकवलेलं एक पान रेडिओपुढे ठेवलं. "वाच."

रेडिओ म्हणाली, "आधी तू वाच ना."

"मी नाही वाचणार. तू वाच."

"तू नाही वाचलंस तर मला कसं येईल?"

ती घाबरली नव्हती, लपवतही नव्हती. तिला प्रश्नच कळत नव्हता. तिच्या समजुतीप्रमाणे वाचणं म्हणजे आधी नीट ऐकायचं, मग पुस्तक धरून, बोट फिरवत ते न चुकता म्हणायचं. दादाही तेच करतो आणि आईही. आईला कोणीतरी आधी वाचून दाखवलं असणार. अक्षरं ती सुंदर काढायची, वळणदार, चित्रासारखी. ती चित्रंच होती तिच्यासाठी. पहिलीच्या वर्गावर इतकी वर्षं काढूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, मग आईला कुठून येणार?

"पप्पा रडले होते ना माझं वाचन ऐकून," ती म्हणाली. "मग?"

भाऊ उठून गॅलरीत गेला आणि उगाच जबडे इकडचे तिकडे करू लागला. तिथूनच म्हणाला, "उद्यापासून ताईबरोबर शाळेत जाऊ दे तिला. ठरलं होतं तसं."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

त्याच दुपारी मंडळीच्या मागच्या खोलीत घरी शिकवणाऱ्या पालकांची बैठक होती. दरवर्षी नवं वर्ष सुरू होताना ती भरते आणि उत्तेजनाचे चार शब्द दरवर्षी भावजयच सांगते. मी म्हटलं, आज जाऊ नकोस, डोकं दुखतंय म्हणून कळव. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने चपला घातल्या आणि तिच्याबरोबर गेले.

खोलीत नेहमीचीच माणसं होती. एक जोडपं तेवढं नवीन. त्यांचं पहिलंच वर्ष. दोघांचेही चेहरे लग्नात बूट हरवलेल्या नवरदेवासारखे झालेले. त्या बाईने पोराला मांडीवर इतकं घट्ट धरलं होतं की ते बिचारं वळवळत होतं. भावजय उभी राहिली.

"दरवर्षी मी तुम्हाला सांगते, घाबरू नका," ती म्हणाली. "यंदा मीच घाबरले आहे. माझ्या मुलीला वाचता येत नाही. मला आज सकाळी कळलं. तुम्हीही सगळे तिथे होता."

कोणीतरी बिस्किटाचा पुडा उघडत होतं, तो आवाज थांबला.

"चूक तिची नाही. मी आधी वाचायची, थोरला वाचायचा, मग ती. ती ऐकून म्हणायची आणि मी शाबासकी द्यायची. देवाचं वचन पोरीच्या तोंडात बसलंय याचा मला इतका आनंद होता की मी तिचे डोळे कुठे आहेत ते पाहिलंच नाही. माझ्या कामात माप चुकलं तर कवळी कितीही घासली तरी बसत नाही. माप पुन्हा घ्यावं लागतं. माझं माप चुकलं."

ती खाली बसली. झालं, एवढेच तिचे उत्तेजनाचे शब्द. मला वाटलं, नवं जोडपं आता दारातूनच काढता पाय घेणार.

पण त्या बाईनेच विचारलं, "मग आता तिला शाळेत घालणार?"

"ते ताई ठरवतील," भावजय म्हणाली. "मी त्यांना शब्द दिला आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते असं आयतं माझ्या पुढ्यात येऊन पडलं. भावजय मान खाली घालून बोटांवरचं वाळलेलं प्लास्टर खरवडत होती. एरवी माझ्याशी तावातावाने भांडणारी बाई. तिला तसं बसलेलं पाहून मला तिचाच राग आला.

"शब्दाचं राहू दे," मी म्हटलं. "माझ्या वर्गातही दरवर्षी अशी दोन-चार मुलं निघतात. सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणतात आणि वर्ष संपत आलं की मला पत्ता लागतो. मग मी काय करते? आईबापांना बोलावते आणि म्हणते, तुमचं घरी लक्ष नाही. हिने तसं कोणावर ढकललं का? सकाळी कळलं आणि दुपारी सगळ्यांपुढे सांगून मोकळी झाली. अशी बाई मला शाळेत मिळाली तर मी तिला सोडणार नाही. पोर तुझ्याकडेच राहील. पण दर शनिवारी मी येऊन तपासणार. आणि तू आधी वाचून दाखवायचं नाही. जिभेला जरा कुलूप घाल."

"चालेल," ती म्हणाली. मग रडली. बिस्किटं वाटायचं काम मलाच करावं लागलं. नव्या बाईने दोन घेतली आणि विचारलं, शनिवारी आमच्याकडेही याल का? मी म्हटलं, बघू. आता तिच्याकडेही जाते, काय करणार!

दुसऱ्या दिवसापासून भावजयीने रेडिओला अगदी मुळाक्षरांपासून धरलं. पहिले काही आठवडे त्या घरात नुसती रडारड होती. रेडिओला पटेना की येत असलेली गोष्ट पुन्हा का शिकायची. एकदा तिने पुस्तक जबडे भिजत घातलेल्या बादलीत टाकलं. भावजयीने ते धुऊन, वाळवून परत टेबलावर ठेवलं आणि ओठ घट्ट मिटून बसून राहिली. आईला गप्प बसायला लावणं हाच त्या शिक्षणातला सगळ्यात अवघड धडा होता. मी शनिवारी जायची तेव्हा दोघी सारख्याच दमलेल्या दिसायच्या.

वर्ष अर्धं सरलं असेल. एका संध्याकाळी मी प्रार्थनेला तिथेच थांबले. आता घरी नव्या भाषांतरात, पूर्वी कधी न काढलेली पानं वाचतात आणि पहिली पाळी धाकटीची असते. रेडिओने बोट ठेवलं. एक शब्द, मग थांबली. दुसरा चुकला, मागे आली, पुन्हा धरला. भावाचे ओठ हलू लागले तशी भावजयीने टेबलाखालून त्याचा हात दाबला. कुठल्याशा राजाची हकिगत होती. राजा घोड्यावर बसून निघाला, एवढं निघेपर्यंत चहा गार झाला. पूर्वी सबंध स्तोत्र खणखणीत म्हणणारी पोर, कपाळावर घाम आणून दोन वाक्यांपाशी पोचली आणि धापा टाकत थांबली.

"मग?" भाऊ न राहवून म्हणाला. "पुढे काय झालं त्या राजाचं?"

रेडिओने त्याच्याकडे वैतागून पाहिलं.

"मला काय माहीत? अजून वाचलंय कुठे मी!"