नवरदेवाच्या बोटात अडकलेला चाकू

माझ्या साळ्याचं, प्रमोदचं, लग्न लागलं तेव्हा त्याच्या हातात उघडा चाकू होता आणि तो काही केल्या सुटत नव्हता. चाकू मी आणला होता.

आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात लोखंड देतात. लोखंड म्हणजे कट्यार आणि तिच्या टोकाला खोचलेलं लिंबू. हळदीच्या अंगाला नजर लवकर लागते, म्हणून लग्न लागेपर्यंत ती कट्यार हातातून सुटता कामा नये. जेवताना ती, झोपताना ती आणि (विचारू नका) इतर वेळीही तीच! माझ्या सासुरवाडीच्या गावात धड कट्यार एकच. ती गावातल्या प्रत्येक नवरदेवाच्या हातात फिरते. प्रमोदच्या लग्नाच्याच दिवशी गावात दुसरंही लग्न निघालं आणि कट्यार तिकडे गेली.

"आता का करावं बाप्पा?" सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. "पोराच्या हाती का विळा देऊ?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जावयाला सासुरवाडीत गप्प बसवतं का?

"आई, कायले चिंता करता? चाकू मी आणतो. मले पारख आहे."

पारख होतीच. गेले काही महिने मी मोबाइलवर चाकूंचेच व्हिडिओ पाहत होतो. कुठला तरी जपानी म्हातारा तापलेलं पोलाद ठोकतो आणि त्या चाकूनं टोमॅटोची अशी चकती काढतो, की तिच्याआडून पेपर वाचावा! धार, पाणी, पोलाद यांवर मी कुणालाही ऐकवू शकत होतो. फक्त कुणी ऐकत नव्हतं.

"घरी एक कांदा चिराले देला तं बोटाले पट्टी लागते," माझी बायको लता म्हणाली, "अन् म्हने पारख!"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि मोटारसायकल काढून कोहमाऱ्याच्या चौकात गेलो. तिथे ढाब्यांच्या रांगेत ट्रकवाल्यांसाठी कुलपं, कंगवे, बॅटऱ्या आणि चाकू विकणारा एकजण बसतो. त्यानं माझ्यासमोर एक मिटता चाकू ठेवला. मूठ पितळी, माशाच्या आकाराची. शेपटीला एक कडी. पातं मिटलं, की त्याचं टोक माशाच्या तोंडातून जिभेसारखं बाहेर राहायचं, कारण पातं मुठीपेक्षा लांब झालं होतं. अंगावरचे खवले उलटे छापलेले होते, त्यामुळे मासा मागेमागे पोहत असल्यासारखा दिसत होता. पातं उघडायला नखाची खाच होती, पण ती इतकी उथळ, की नख तुटेल आणि पातं जागचं हलणार नाही.

"हे टोक बाहेर कसं?" मी पारखी नजरेनं विचारलं.

"भैया, डिजाइन है," तो म्हणाला. "हाथ लगाते ही पता चलता है, कौन साइड से पकडना है!"

मला ते पटलं. (मला पटवायला फारसं काही लागत नाही.) मग त्यानं दाखवलं खरं कौतुकाचं काम. पातं उघडलं की 'कट्ट' असा आवाज होऊन ते पक्कं बसायचं. मिटायचं असेल, तर शेपटीची कडी ओढायची. कडी ओढल्याशिवाय बापजन्मात मिटणार नाही!

"खानदानी चीज है," तो म्हणाला. मी खूश होऊन घेऊन आलो.

सकाळी हळद लागली. मी पातं उघडून, लिंबू खोचून चाकू प्रमोदच्या हाती दिला. तो बघून प्रमोदचा चेहरा जरा उतरला.

"भाऊजी, हे तं मासोळी होय."

"मासोळी शुभ असते. अन् हे पाह्य, या कडीत बोट घाल, म्हंजे नाचताना पडणार नाई. पडला तं अपशकुन."

ही अक्कल माझीच. त्यानं मधलं बोट कडीत घातलं. जरा घट्ट गेलं, पण गेलं.

मे महिन्याचं ऊन, अंगावर कोट, त्यात चाकूला टोचून टोचून गळणारं लिंबू. कडीच्या आतल्या बाजूला घासकाम न केलेली धार होती. तिनं बोट खरचटलं, त्यावर लिंबाचा रस उतरला आणि नवरीच्या गावी जानोशात, म्हणजे वऱ्हाडाच्या उतरायच्या जागी, आम्ही पोचलो, तेव्हा प्रमोदचं बोट पाकातल्या गुलाबजामासारखं फुगलं होतं.

"भाऊजी," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "निघून नाई राहिला."

"कोन नाई निघून राहिला?"

"चाकू!"

मी त्याला खोलीत घेतलं आणि दार लावलं. लताला बोलावलं. तिनं तेल आणलं, साबण आणला. मी चाकूची मूठ धरून ओढू लागलो, लता प्रमोदला कमरेला धरून मागे ओढू लागली.

"आई वो! भाऊजी, माह्यं बोट होय ते, बैलाचा कासरा नोहे!"

"मिटव तं मंग! पातं तरी मिटव!" लता माझ्यावर ओरडली.

मी मिटवायला गेलो आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. पातं मिटायला कडी ओढायला हवी आणि कडीत प्रमोदचं बोट! कडी जरा ओढली, की तो किंचाळायचा. बोट सुटल्याशिवाय पातं मिटत नव्हतं आणि बोट तर सुटत नव्हतं. त्या मासोळीचा नकाशा काढणाऱ्याला मी मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या, ज्या मी आजवर फक्त ट्रकांच्या मागून ऐकल्या होत्या.

"आईले सांगू नोको," मी लताला म्हणालो. "नवरीकडच्याईले तं अजिबात नाई. लगन लागेपर्यंत लोखंड हाती असतेच. कोनाले का समजते?"

वरात निघाली. डीजे सुरू झाला. मित्रांनी प्रमोदला खांद्यावर घेतलं आणि तो जीव मुठीत धरून वर बसला, म्हणजे एका मुठीत. दुसऱ्या मुठीत चाकू होता. प्रत्येक ठेक्याला ते पातं कुणाच्या तरी डोक्यावरून जात होतं आणि मी खाली दोन्ही हात पसरून त्याच्यामागे पळत होतो. लोकांना वाटलं, जावईबापू रंगात आले. कुणीतरी मला शिट्टीही मारली. तेवढ्यात लिंबू निसटलं आणि पायांखाली चिरडलं गेलं.

आता टोक उघडं! मी स्वयंपाकाच्या मांडवाकडे धावलो. वांग्याच्या भाजीची तयारी सुरू होती. लिंबू कुठे दिसेना. हाताला लागलं ते वांगं उचललं आणि धावत येऊन चाकूच्या टोकाला खोचलं.

नवरीकडच्या बायकांत खसखस पिकली. "नवरदेव होय का भाजीवाला वो?"

मांडवाच्या दारात नवरीचे मामा उभे होते. अंगानं भक्कम, आवाज त्याहून भक्कम. त्यांनी वांगं पाहिलं, मासोळी पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हे का होय जावईबापू?"

"आमच्याकडची पद्धत आहे," मी ठोकून दिलं.

"वांग्याची?"

"जुनी आहे."

अंतरपाट धरला. नवरदेवाच्या बाजूनं त्या अंतरपाटाला एक टेंगूळ आलं. ते वांगं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडू लागल्या आणि प्रत्येक 'सावधान'ला मी त्या टेंगळाकडे पाहत होतो. अंतरपाट खाली आला. माळ घालताना ती वांग्यात अडकली, पण नवरीनं, पल्लवीनं, ती हळूच सोडवून घेतली. पोरगी शांत होती. मला वाटलं, सुटलो!

"आता मंगळसूत्र," लग्न लावणारे महाराज म्हणाले.

मंगळसूत्र बांधायला दोन हात लागतात, हे मी विसरलोच होतो. सासूबाई पुढे झाल्या. "प्रमोद, लागलं बाप्पा लगन. ठेव आता लोखंड खाली."

प्रमोद माझ्याकडे पाहू लागला. सासूबाई त्याच्याकडे पाहू लागल्या. मग सगळा मांडव माझ्याकडे पाहू लागला.

"निघत नाई," प्रमोद रडवेल्या आवाजात म्हणाला.

"निघत नाई म्हंजे?" मामांचा आवाज चढला. "अन् ते पद्धत?"

"मामा, चाकू जरा मजबूत आहे..."

"माह्या भाचीच्या गळ्यापाशी उघडा चाकू? मी जिता आहो तोवर नाई जमनार! पहिले चाकू काढा, मंग मंगळसूत्र. नाई तं पोरगी उठते इथून!"

डीजेवालासुद्धा थांबला. सासूबाईंचे डोळे भरले. पोराचं लग्न मंगळसूत्रावाचून मोडायची वेळ आली होती आणि ती मी पितळी मासोळीच्या पोटात घालून आणली होती. मला खरंच रडू येऊ लागलं. महाराज घड्याळ पाहत म्हणाले, "मुहूर्त चालला."

"मामा," खाली मान घालून बसलेली पल्लवी बोलली, "मी नाई उठत."

"पोरी, चाकू आहे तो!"

"मंग धरा कोनीतरी त्याले! का पाहून राहिले सारे?"

सारे माझ्याकडेच पाहून राहिले होते. मी पुढे झालो. मला आहेर म्हणून मिळालेला दुपट्टा मी पात्याभोवती गुंडाळायला काढला, पण मध्ये वांगं! ते उपटून मी मामांच्या हातात दिलं. (त्यांनी ते घेतलंही.) मग दुपट्टा गुंडाळला आणि दोन्ही हातांनी पातं घट्ट धरून मी नवरीच्या पाठीमागे नवरदेवाला चिकटून बसलो. प्रमोद गाठ मारू लागला. त्याचा हात हलला की मी हलायचो, मी हललो की तो ओरडायचा, तो ओरडला की मामा एक पाऊल पुढे यायचे. घाबरून मी दोऱ्याला मदत करायला एक बोट पुढे केलं.

"जावईबापू, हात काढा!" महाराज गरजले. "लगन कोनाचं आहे?"

मी चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं. पल्लवीनंच हात मागे नेऊन दोऱ्याचं एक टोक पकडलं.

"मी धरून आहो. तुमी ओढा," ती प्रमोदला म्हणाली.

प्रमोदनं दात-ओठ खाऊन ओढलं. गाठ बसली. आणि त्याच क्षणी 'टिक्' असा बारीकसा आवाज झाला. दिवसभर तेल, साबण आणि तीन माणसांची ताकद यांना न जुमानणाऱ्या त्या खानदानी चीजेचा खिळा आपसूक निखळला! मूठ दोन फाकांत उघडली आणि अख्खं पातं दुपट्ट्यातून सरकून माझ्या हातात आलं. ते खाली नवरीवर पडू नये म्हणून मी झटकन उभा राहून ते वर उचललं.

मामांनी सुटकेचा श्वास टाकला आणि हातातलं वांगं घेऊनच अक्षता उधळल्या. सासूबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवायचं सोडून प्रमोदच्या बोटावरून फिरवला. कडी तेवढी बोटात राहिली होती. दुसऱ्या दिवशी सूज उतरली तशी ती आपोआप निघाली.

पण नेमक्या त्या क्षणी फोटोवाल्यानं फोटो काढला होता. लग्नाचा सगळ्यात स्वच्छ आलेला फोटो तोच. मान खाली घातलेली नवरी, घामानं निथळणारा, भेदरलेला नवरदेव आणि त्या दोघांच्या मागे, डोळे वटारून, नागवं पातं उगारून उभा असलेला मी! सासूबाईंनी तो मोठा करून पुढच्या खोलीत लावलाय. येणारा प्रत्येक पाहुणा तिथे थबकतो आणि हळूच विचारतो, "हे लगन... राजीखुशीनं झालं ना?"

मी कितीदा तरी म्हटलं, तो फोटो काढून टाका. सासूबाई राजी होत्या, प्रमोद राजी होता, पल्लवीही राजी होती. आडवी आली ती लता.

"राहू द्या वो," ती म्हणाली. "तुमाले पाहून लोक भेतात, असा तेवढा एकच तं फोटो आहे!"