शैलजाताईची जांभळी लिली

माझी थोरली बहीण शैलजा गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, बडोद्यातल्या राहत्या घरी हृदयविकाराने गेली. फोनवर दाजी एवढंच म्हणाले, "तुझी ताई गेली रे... हौदापाशीच होती."

शाळेत भूमिती शिकवण्याची नोकरी संपल्यावर ताईने अंगणात सिमेंटचा हौद बांधून घेतला आणि त्यात वॉटर लिली लावल्या, एक निळी आणि एक गुलाबी. शेजारच्या बेन त्यांना कमळ म्हणत. कमळाचं पान पाण्याच्या वर उभं राहतं, लिलीचं पाण्यावर टेकून पसरतं, हे ताई दर वेळी सांगे. लिलीचं फूल पहिल्या दिवशी उमलतं तेव्हा त्याच्या मध्यभागी गोडसर रस साठलेला असतो. पराग दुसऱ्या दिवसापासून सुटतात. ताईने गुलाबी फुलाचे पराग कुंचल्याने निळ्या फुलाच्या त्या रसात सोडले आणि वर मलमलची पुरचुंडी बांधली. फळ पाण्याखाली पिकून फुटलं तेव्हा बी पुरचुंडीतच राहिलं. उगवलेली बहुतेक रोपं फिक्या रंगाची निघाली. एकाला गडद जांभळं फूल आलं, मध्ये पिवळं. "कुठून मागवलंत?" असं कोणी विचारलं की ती म्हणे, "इथूनच." ताईने बडोद्यात एक नवं फूल तयार केलं, हे इथे नोंदवलं पाहिजे, दुसरीकडे कुठे ते छापलेलं नाही.

रोप मात्र एकच होतं. काही लिलींच्या पानांवर पिल्लं, म्हणजे इवली रोपं, फुटतात. हिच्या फुटत नव्हती. बियांतून तोच रंग येईल याची खात्री नाही. उरला कंद, त्याला फुटणारी रोपं त्याच रंगाची निघतात. त्याच सुमारास डॉक्टरांनी तिला हृदयाबद्दल स्पष्ट सांगितलं होतं. ती मला म्हणाली, "एकाच घरात असलेलं झाड कधीही संपतं. मी आहे तोवर हे दुसऱ्या घरी लागलं पाहिजे."

कंद धरायला लिलीला उपाशी ठेवावं लागतं: लहान कुंडी, खत बंद. पावसाळा संपताना ताईने रोप कुंडीत आवळलं. पानं लहान राहायला हवी होती. ती ताटाएवढी झाली. हिवाळ्यात कुंडी उपसली तेव्हा कंद नव्हता. कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले दाजी मागे उभे होते.

"तुम्ही काही घातलंत का?"

"एरंडीची पेंड... मूठभर. रोज नाही."

"अहो, उपाशी ठेवायचं होतं तिला!"

"या घरात कधी कोणी उपाशी राहिलंय? बघवेना मला."

"पुढच्या वर्षी हौदाकडे फिरकलात तर तुमचा चहा बंद."

"मग मलाच कंद धरेल."

ताई हसली, पण वर्ष गेलं होतं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिला जिना चढवेनासा झाला. दाजींनी पेंडीचा डबा आपण होऊन शेजारी देऊन टाकला. त्या हिवाळ्यात कुंडीत अक्रोडाएवढा कंद सापडला. होळीनंतर तिने तो उथळ पाण्यात उन्हाला ठेवला. कोंबाला पानं आणि मुळं आली की ते रोप ती नखाने सोडवी. कंदाला पुन्हा कोंब फुटे. रोपाच्या बदल्यात ती काही घेत नसे. घेणाऱ्याने चिकणमातीची कुंडी भिजवून आणायची, रोप ती स्वतः लावून देई. लहरीपुऱ्यात कापडाचं दुकान असलेले हसमुखभाई अशी कुंडी घेऊन आले.

"बेन, मरी तो नहीं जाय ने?"

"लाडानं मरेल, हसमुखभाई. जास्त जेवायला घालू नका."

शेवटी तिने कंद हौदात परत लावला. ती गेली तोवर तिच्या हौदाबाहेर ही लिली कुठेही फुललेली नव्हती. तेराव्याच्या आत हौदातलं रोप बुडापासून कुजलं, दाजींनी ते काढून टाकलं.

गेल्या रविवारी हसमुखभाईंचा फोन आला. दाजी आणि मी त्यांच्या गच्चीवर गेलो. टबात एक फूल उमललं होतं, गडद जांभळं, मध्ये पिवळं.