आबांना नको असलेलं रिव्हॉल्व्हर

माझ्या वडिलांची सारी नोकरी फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात गेली. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आर्मरर हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते वडूजजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा डाव्या कानानं त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. दुरुस्त केलेलं प्रत्येक हत्यार स्वतः चालवून बघितल्याशिवाय द्यायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता होता, आणि त्यात कान गेले. पण हात शाबूत होते. गावात कुणाचं शिवणयंत्र अडलं, कुणाच्या इंजिनाचा पंप बसला, की माणूस आमच्याच दारात यायचा.

मी त्यांची थोरली मुलगी. सांगलीला एका मुलींच्या शाळेत पी.टी.ची शिक्षिका होते आणि माधवनगरला खोली घेऊन राहायचे. कॉलेजात कॅडेट असताना रायफल चालवायला शिकले होते. पुढं सांगलीत एक निवृत्त फौजदार हौशी लोकांना नेमबाजी शिकवतात असं कळलं, तशी त्यांच्याकडं जाऊ लागले. गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत दर रविवारी सकाळी आठ-दहा जण जमायचे. त्यात बाई मी एकटी. फौजदारसाहेब मला त्यांचं स्वतःचं रिव्हॉल्व्हर वापरायला द्यायचे. वर्षभरानं ते म्हणाले, "बाई, आता माझ्या हत्यारावर तुमचं भागायचं नाही. स्वतःचं घ्या."

त्याला कारण होतं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. साताऱ्याला जिल्ह्याजिल्ह्यातल्या नेमबाजांची स्पर्धा भरणार होती, आणि त्यात या खेपेला एक नवी फेरी ठेवली होती. पहिली फेरी नेहमीची: एका जागी उभं राहून पंचवीस मीटरवरच्या निशाणावर सावकाश गोळ्या मारायच्या. दुसरी फेरी धावायची. रेषेवरून पळत निघायचं, एका पिंपाआड उभं राहून तीन फळ्यांवर सहा गोळ्या मारायच्या, तिथंच पुन्हा काडतुसं भरायची, वाळूच्या पोत्यांपर्यंत पळायचं आणि गुडघ्यावर बसून दुसऱ्या सहा फळ्या पाडायच्या. सगळं घड्याळावर. फळी उभी राहिली तर दंडाचे सेकंद. पोलिसांच्या सरावात असलं काही असतं म्हणे, पण आम्ही कुणी ते केलेलं नव्हतं.

परवान्याला सहा महिने लागले. चौकशीला आलेल्या हवालदारानं माझ्या घरमालकिणीला विचारलं, "ह्यांना कुणापासून भीती आहे का?" ती म्हणाली, "त्यांना कुणाची भीती? सकाळी पाच वाजता पळायला जातात." परवाना हातात पडला तसं मी आबांना पत्र टाकलं. हत्यार निवडायला त्यांच्याहून जाणता माणूस कुठून आणणार?

ते पहिल्या एस.टी.नं आले. धुवट धोतर, फौजेचा जुना कोट, आणि खिशात एक छोटा स्क्रू ड्रायव्हर.

सांगलीतल्या त्या दुकानाचे मालक वयस्कर, शांत गृहस्थ होते. बाहेरून नवा माल येणं तेव्हा बंदच झालं होतं, त्यामुळं जे मिळायचं ते जुनं, कुणीतरी वापरलेलं. त्यांनी मेजावर खाकी कापड अंथरलं आणि तीन रिव्हॉल्व्हरं मांडली. तिन्ही बत्तीस बोअरची, तिन्ही विलायती.

पहिलं चांदीसारखं चमकत होतं. कुणा जहागीरदाराच्या घरातलं, असं मालक म्हणाले. आबांनी ते उघडलं, अंगठ्याचं नख नळीच्या मागं धरलं आणि नखावरून परतणाऱ्या उजेडात पुढून आत बघितलं. मग मला बघायला लावलं. आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते.

"वरनं मुलामा, आतनं गंज," ते म्हणाले आणि ते बाजूला सारलं.

दुसरं लांब नळीचं, चांगलं सहा इंची. जड, काळंभोर. आबांनी ते हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच बदलला. चक्री हलते का बघितली, घोडा चढवून हळूच उतरवला, वास घेतला. पुन्हा पुन्हा ते तोलून बघत होते.

"ह्येच," ते म्हणाले. "असलं हत्यार मी सारी नोकरी केली त्यात दोन-तीनदाच बघितलं. नळी लांब, नेम सरळ. जड हाय म्हंजी हात हालत न्हाई. घे गं."

मी घेतलं. घोडा चढवून नेम धरला, तर भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखेवर तो खिळून राहिला. खरोखर सुरेख होतं. मग मी घोडा न चढवता नुसताच चाप ओढून बघितला. पळत्या फेरीत घोडा चढवायला वेळ नसतो, एका दमात चाप ओढूनच बार काढायचा असतो. त्या ओढीत चाप लांबून येतो आणि जड लागतो. माझं बोट त्या चापाला जेमतेम टोकानं पोचत होतं. चाप मागं यायला लागला की नळीचं टोक डावीकडं सरकायचं. तीनदा केलं, तीनदा तेच झालं.

तिसरं रिव्हॉल्व्हर तोवर कुणी हातात घेतलं नव्हतं. चार इंची नळी, रंग उडालेला, मुठीचं लाकूड एका बाजूला टवका गेलेलं. ते मधून मोडायचं. वरची खिटी दाबून नळी खाली वाकवली की वापरलेली सहाच्या सहा काडतुसं आपोआप बाहेर उडायची. माझं बोट त्याच्या चापावर पहिल्या पेरापर्यंत नीट बसलं. ओढलं तर नळी जागची हलली नाही.

मी मालकांना म्हटलं, "वापरलेली रिकामी काडतुसं आहेत का बारा?"

त्यांनी डबीतून काढून दिली. मी आधी लांब रिव्हॉल्व्हर भरलं. चक्री बाजूला काढायची, दांडी दाबायची, काडतुसं पडली की नवी भरायची. माझ्या हाताला ती दांडी पुरती दाबली जाईना. एक काडतूस अर्धवट अडकून राहिलं, ते नखानं काढावं लागलं. मग त्या लहान रिव्हॉल्व्हरवर तेच केलं. खिटी, खट्, सगळी मेजावर. सहा भरली, मिटलं. मालक भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. ते म्हणाले, "जवळजवळ निम्म्या वेळात झालं."

आबांना शब्द ऐकू गेले नसतील, पण बोलणं कुठं चाललंय ते कळलं.

"ते मोडायचं हत्यार हाय," ते म्हणाले. "बिजागरीवर चालतंय. बिजागरी ढिली पडली की नेम गेला."

मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं, "किती वर्षांनी ढिली पडंल, आबा?"

"चालवशील तशी. धा वर्षं, पंधरा वर्षं."

"मग तवा बघू की."

"आगं, उभ्या फेरीत मार खाशील ह्याच्यानं."

"खाईन थोडा. पण पळायच्या फेरीत मला ह्येच पायजे. त्या लांबड्याला माझं बोटच पुरंना."

लांब रिव्हॉल्व्हर आबांनी कापडावर अगदी अलगद ठेवलं. मी लहानपणापासून त्यांचं ऐकत आले होते. घरातल्या कुठल्याही यंत्राबद्दल त्यांचा शब्द शेवटचा असायचा, आणि तो चुकलेला मला आठवत नव्हता. तरीही मी मालकांना म्हटलं, "हे लहान द्या."

मालकांनी एकदा आबांकडं बघितलं. परवाना माझ्या नावाचा होता. त्यांनी वही उघडली.

दुकानाबाहेर चहा घेताना आबा एवढंच म्हणाले, "सुट्टीला येताना घिऊन ये. त्या मुठीचं काय खरं न्हाई."

दिवाळीच्या सुट्टीत मी ते गावी घेऊन गेले. त्यांनी पडवीत बसून ते पार खोललं. प्रत्येक स्क्रू ताटलीत क्रमानं मांडला. पसंत नसलेल्या हत्याराचीही ते तितक्याच मन लावून सेवा करत होते, हे मी शेजारी बसून बघत होते. चापाच्या आतले भाग त्यांनी तेलाच्या दगडावर इतके हळूहळू घासले की मला वाटलं ते घासतच नाहीत. शिसवीचा एक तुकडा जपून ठेवलेला होता, त्यातून नवी मूठ केली. चार वेळा माझा हात मुठीवर धरायला लावला आणि चारी वेळा थोडं थोडं लाकूड उतरवलं. चक्री कुठल्या बाजूनं फिरते, चाप ओढल्यावर काडतुसाचं कुठलं घर घोड्याखाली येतं, हे मला डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखायला लावलं.

"अंधारात भरायचंय असं समज," म्हणाले. "आन् पळताना बोट चापाच्या भाईर. इसरलीस तर फुडं मी शिकवायचो न्हाई."

आई हे सगळं चुलीपासून बघत होती. काडतुसं पळताना कशात ठेवायची हा माझा प्रश्न तिनं सोडवला. तिनं आपल्या पानसुपारीच्या चंचीवरून नवी चंची शिवली, जाड कापडाची, कमरेला बांधता येणारी. त्यात लहान लहान कप्पे, एकेका कप्प्यात दोन काडतुसं बरोबर बसतील असे. मी जोडीजोडीनं काढून भरायला शिकले.

काडतुसं वर्षाला मोजकीच मिळायची, त्यामुळं खरा सराव रिकाम्यांवरच. घोड्याला धक्का बसू नये म्हणून त्यांच्या बुडाच्या भोकात खोडरबराचे तुकडे बसवून मी रोज सकाळी शाळेआधी माधवनगरच्या खोलीत अर्धा तास चाप ओढायचे. नळीवर एक नाणं ठेवायचं आणि ते पडू द्यायचं नाही. दोन महिन्यांनी नाणं पडेनासं झालं.

साताऱ्याला स्पर्धेच्या दिवशी आबा वडूजहून परस्पर आले. फौजदारसाहेबांनी त्यांना दोरीच्या बाहेर पुढच्या खुर्चीवर बसवलं. पहिल्या फेरीत आबांचं खरं ठरलं. लांब नळ्यांची रिव्हॉल्व्हरं माझ्या पुढं गेली, आणि बावीस जणांत मी सातवी आले. आबांकडं मी बघितलं नाही.

दुपारी धावायची फेरी. पातळाचा काचा मारून, कमरेला चंची बांधून मी रेषेवर उभी राहिले. मागं कुणीतरी हसलं. शिट्टी झाली. पिंपापाशी पोचले, सहा गोळ्या, तीन फळ्यांवर दोन दोन, सगळ्या लागल्या. खिटी दाबली, काडतुसं उडाली, तीन जोड्या भरल्या. पोत्यांकडं पळाले, बोट बाहेर. गुडघ्यावर बसले. एक फळी पडली, दुसरी, तिसरी. चौथ्याला नुसता खट् असा आवाज आला. काडतूस जुनं, पेटलंच नाही.

थांबले नाही. पुन्हा चाप ओढला, पुढचं घर आलं आणि चौथी फळी पडली. मग पाचवी. आता सहावी उभी आणि रिव्हॉल्व्हरात गोळी नाही. खिटी दाबली, सगळं बाहेर पडलं. चंचीतून एक जोडी काढली आणि बोटांनी हेरून बरोबर त्या दोन घरांत घातली, की पहिल्याच ओढीला घोड्याखाली यावीत. मिटलं, ओढलं. फळी पडली.

फौजदारसाहेब स्टॉपवॉच घेऊन उभे होते. त्यांनी आकडा दोनदा वाचला. माझ्यानंतर आणखी नऊ जण धावले, पण तो आकडा कुणाला मोडता आला नाही. धावायच्या फेरीत मी पहिली आले, आणि दोन्ही फेऱ्या मिळून दुसरी. मघाशी हसलेला गृहस्थ स्वतःहून आला आणि म्हणाला, "बाई, जरा बघू का तुमचं हत्यार?" मी ते उघडून, रिकामं करून त्याच्या हातात दिलं. माझी मान तेव्हा किती ताठ होती, ते मला अजून आठवतं.

आबा जवळ आले. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "आबा, एक काडतूस फुसकं निघालं."

"ठावं हाय," ते म्हणाले. "आवाज न्हाई कळला, पर तुजा हात उडाला न्हाई, ते दिसलं. तू थांबती का फुडं जाती, ह्येच बघत हुतो."

सातारच्या स्टँडवर आम्ही दोघं आपापल्या गाड्यांची वाट बघत बसलो. त्यांची वडूजची, माझी उंब्रज-कऱ्हाडवरून सांगलीला जाणारी. शेजारी एक पेन्शनर बसला होता, मिशीवरून आणि बुटांवरून फौजी. माझ्या हातातला बक्षिसाचा कप बघून त्यानं आबांना विचारलं, "पोरीनं कशात मिळवला?" आबांना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा मोठ्यानं विचारलं.

आबांनी त्याला सगळं सांगितलं. दुकान, तीन रिव्हॉल्व्हरं, पिंप, पोती, फुसकं काडतूस. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं सांगत होते, त्यामुळं अर्ध्या फलाटानं ऐकलं. "आन् हत्यार तिनं निवडलं बरं का," ते म्हणाले. "म्या नगं म्हनत हुतो. तीस वर्सं बंदुका खोलल्या, पर तिचा हात मला कळला न्हाई. तिला कळला."

मी खाली बघत बसले. तो पेन्शनर उठला, आणि त्यानं आधी आबांना नमस्कार केला, मग मला.

वडूजची गाडी आधी लागली. आबा चढले, खिडकीशी बसले आणि तिथून मला हातानं खूण केली, की रिव्हॉल्व्हर ठेवलेल्या पिशवीचं तोंड नीट बांध. मी बांधलं. ते रिव्हॉल्व्हर मी पुढं अकरा वर्षं चालवलं. शेवटी शेवटी मी त्याच खाणीत रविवारी पाच मुलींना शिकवायचे, आणि त्यातल्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी वेगवेगळी हत्यारं हातात देऊन आधी विचारायचे, "तुला कुठलं बरं वाटतं?"